टिक: एक आवाज, एक खूण आणि एक गोचीड

2022 साली 'टिक' दोनदा बातमीत आली. ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पीची त्या साथीतली राज्यातली पहिली नोंद झाली आणि मग खान्देशात गुरांचे बाजार बंद, गोठ्यांत फवारणी, गावोगाव लसीकरण असं सगळं सुरू झालं. रोग कोण पसरवतं याच्या इंग्रजी यादीत माश्या आणि डासांच्या जोडीला 'टिक' होती, म्हणजे आपली गोचीड. पुढे नोव्हेंबरमध्ये ट्विटरच्या नव्या मालकाने निळी टिक महिना 8 डॉलरला विकायला काढली. इकडे टिक मरावी म्हणून लोक औषध फवारत होते, तिकडे टिक मिळावी म्हणून पैसे मोजत होते.

शब्द तोच, स्पेलिंग तेच, उच्चारही तोच. मग गुराच्या कानामागे चिकटलेली टिक आणि नावापुढे चिकटलेली टिक यांचं काही नातं आहे का? सेमी-इंग्रजीत शिकणारी मुलं असे प्रश्न घरी आणतात आणि आपण 'इंग्रजी भाषाच तशी विचित्र आहे' म्हणून मोकळे होतो. भाषा विचित्र नाही. गुंता कुठे आहे ते एकदा दिसलं की तो सुटतो.

## डोक्यावरचे छोटे आकडे

चांगला इंग्रजी शब्दकोश उघडून 'टिक' शोधली तर ती एकदा सापडत नाही. चारदा सापडते, आणि प्रत्येकीच्या डोक्याशी बारीक आकडा असतो: 1, 2, 3, 4. बहुतेक जण तो आकडा बघतच नाहीत.

आपल्याकडे विकास सोसायटीच्या यादीत एकाच नावाचे चार पाटील असतात. कारकून प्रत्येकापुढे आकडा घालतो, कारण पहिल्याचं कर्ज चौथ्याच्या उताऱ्यावर चढलं तर गावात महाभारत होईल. चौघं भाऊ नाहीत, भाऊबंदही नाहीत. चार वेगळ्या गावांहून आले आणि नाव तेवढं जुळलं. शब्दकोशातला आकडा नेमकं हेच सांगतो.

एकाच शब्दाचे अनेक अर्थ असणं वेगळं, आणि अनेक शब्द एकसारखे दिसणं वेगळं. मराठीतही हे आहेच. 'या साली केळीला भाव नाही' यातलं साल फारसीतून आलेलं, म्हणजे वर्ष. 'केळीच्या सालीवरून घसरला' यातली साल आपल्या मातीतली जुनी. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही, आणि रावेरच्या शेतकऱ्याचा कधी गोंधळही होत नाही.

तर 'टिक'चेही चार पाटील आहेत. आवाजावरून जन्मलेला त्यांतला एकच. तो सगळ्यांत पसरलेला आहे, म्हणून आधी त्याच्याकडे जाऊ.

## आधी बोट लागलं, मग घड्याळ वाजलं

आवाजाची नक्कल करून बनलेल्या शब्दाला मराठी व्याकरणात अनुकरणवाचक शब्द म्हणतात. खळखळ, फडफड, कडकडाट हे सगळे त्यातले. इंग्रजी 'टिक' त्याच जातीची.

आता वाटेल की टिक म्हणजे घड्याळाचा आवाज आणि बाकीचे अर्थ त्यातून निघाले. क्रम उलटा आहे. 13व्या शतकातल्या इंग्रजीत 'टिक' म्हणजे हलकेच स्पर्श करणं, बोटाने टिचकीसारखं लावणं. डच भाषेतल्या 'टिक'चाही अर्थ हलका ठोका असाच. इंग्लंडच्या काही भागांत मुलं पकडापकडी खेळतात त्या खेळाला आजही 'टिक' म्हणतात, कारण त्यात नुसतं बोट लागलं की गडी बाद.

हलक्या स्पर्शाचा जो बारीक आवाज होतो तोही मग टिक झाला, आणि घड्याळाच्या पोटात नेमका तसाच स्पर्श सतत चालू असतो. घड्याळ वाजतं ते काटे सरकतात म्हणून नव्हे. आत एक दातेरी चाक असतं. ते सुसाट फिरू नये म्हणून एक छोटा अडसर दर वेळी त्याचा एक दात अडवतो, सोडतो, पुढचा अडवतो. धातूवर धातू टेकतो तो आवाज म्हणजे टिक. ख्रिस्तियान हायगेन्सने 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं आणि घड्याळं विश्वासाने घरांत लागायला लागली. ज्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक जवळजवळ एक मीटर लांब, त्याचा एक झोका एका सेकंदाचा.

जुनं किल्लीचं एचएमटी घरात असेल तर कानाला लावून बघा. ते सेकंदाला एकदा वाजत नाही, पाच वेळा वाजतं. तासाला 18,000 ठोके. आजोबांच्या लग्नातलं घड्याळ असेल तर त्याने आत्तापर्यंत किती वेळा दात अडवला याचा हिशेब फुरसतीत करायला हरकत नाही. सेलवरचं घड्याळ मात्र सेकंदाला एकदाच टिक करून गप्प बसतं.

या आवाजापासून पुढचे अर्थ आपोआप फुटत गेले. एका टिकेला लागतो तेवढा वेळ म्हणजे क्षण, म्हणून इंग्रज माणूस 'इन अ टिक' म्हणतो, आपण 'आलोच' म्हणतो तसं. छातीत टिकटिक करणारं हृदय म्हणजे बोलीतलं 'टिकर'. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात एकेरी-दुहेरी धावांनी धावफलक 'टिकिंग' ठेवायचा असतो. आणि एखादा माणूस कशाने चालतो, त्याच्या आत कुठलं यंत्र आहे, हे विचारायलाही इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात.

## कागदावरची टिक

खुणेची टिक आवाजातून नाही, स्पर्शातून आली. पेन कागदाला हलकेच टेकवून उचललं की जो ठिपका किंवा फराटा उमटतो ती टिक. हिशेबनीस एकेक नोंद ताडून बघायचे आणि ताडलेल्या नोंदीशेजारी पेन टेकवायचे. जळगाव-धुळ्यातल्या जुन्या पेढ्यांवर आणि आजच्या ऑडिटमध्ये हे काम तसंच चालतं; वहीच्या पानावर हिरव्या-लाल टिकांची रांग लागते. मास्तरांच्या हाती ती गेली आणि 'बरोबर'चा अर्थ पक्का झाला.

अमेरिकेत मात्र या खुणेला सहसा टिक म्हणत नाहीत. तिथे ती 'चेक मार्क'. हा चेक बुद्धिबळातून आला, आणि बुद्धिबळातला चेक जुन्या फ्रेंचमार्गे फारसी 'शाह'पासून. म्हणजे आपण पटावर जो शह देतो तोच अमेरिकन माणूस फॉर्मच्या चौकटीत देत असतो.

ही खूण लॅटिन 'वेरितास' म्हणजे सत्य या शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून निघाली अशी एक गोष्ट सगळीकडे फिरते. गोष्ट छान आहे, तिला भक्कम पुरावा नाही. शिवाय टिक म्हणजे बरोबर हेही जगभर खरं नाही. फिनलंड आणि स्वीडनच्या शाळांत हीच खूण चुकीच्या उत्तरावर करतात, आणि जपानी शिक्षक बरोबर उत्तराभोवती गोल काढतात. आपल्याकडे शून्य मिळालं म्हणून रडलं असतं ते पोर तिकडे उड्या मारत घरी जाईल.

फोनवरची टिक हे या खुणेचं ताजं रूप. व्हॉट्सॲपवर एक टिक म्हणजे निरोप निघाला, दोन म्हणजे पोहोचला, दोन्ही निळ्या म्हणजे वाचला. निळा रंग नोव्हेंबर 2014 मध्ये आला आणि तेव्हापासून घराघरात एक नवीनच रुसवा सुरू झाला. आमच्याकडच्या लग्नाच्या ग्रुपवर तक्रार असते: 'निळी टिक उनी, तरी बोलस नही.' मास्तरांची टिक 'बरोबर' म्हणायची, ही नुसती 'बघितलं' म्हणते. ट्विटरची तर आणखी वेगळी. तिथे मुळात टिक पांढरी आणि तिच्यामागचं फूल निळं! 2009 मध्ये ती सुरू झाली तेव्हा अर्थ होता 'हा माणूस खराच तो आहे'. पैसे देऊन मिळायला लागल्यावर अर्थ झाला 'याने पैसे भरलेत'. अर्थाचं असं अवमूल्यन एवढ्या लवकर झालेलं क्वचितच बघायला मिळतं.

## भावाची टिक

जळगावचा सराफ बाजार सोन्याच्या भावाकडे डोळे लावून असतो, आणि तिथेही टिक आहे. 1867 मध्ये एडवर्ड कॅलाहन याने न्यूयॉर्कमध्ये एक यंत्र बसवलं. शेअरचे भाव तारेवरून यायचे आणि यंत्र ते कागदाच्या अरुंद फितीवर छापायचं. छापताना टिकटिक वाजायचं म्हणून त्याचं नाव पडलं टिकर. एडिसननेही त्यात सुधारणा केल्या. यंत्र गेलं, नाव राहिलं. टीव्हीवर तळाशी धावणाऱ्या पट्टीला आज टिकर म्हणतात, तिच्यात कुठलाही आवाज नसला तरी.

भाव कमीत कमी जेवढ्याने हलू शकतो तेवढी एक 'टिक'. कमोडिटी बाजारात सोन्याच्या सौद्याची टिक 10 ग्रॅममागे 1 रुपयाची असते. राष्ट्रीय शेअर बाजाराने जून 2024 मध्ये 250 रुपयांखालच्या शेअरांची टिक 5 पैशांवरून 1 पैशावर आणली. घड्याळाचा काटा अर्धा ठोका पुढे जात नाही, तसा भावही अर्धी टिक सरकत नाही.

## गोचीड: हिचा आवाजाशी संबंध नाही

आता दुसरा पाटील. गोचीडवाली टिक इंग्रजीत घड्याळाच्या कितीतरी आधीपासून आहे, अगदी जुन्या इंग्रजीपासून. जर्मनमधली 'त्सेके' ही तिची सख्खी नातेवाईक. गोचीड टिकटिक करत नाही, चावताना कळतसुद्धा नाही. तेव्हा 'आवाजावरून नाव पडलं असेल' हा अंदाज इथे साफ चुकतो.

इंग्रजीत तिला सरसकट कीटकांत ढकलतात तेही बरोबर नाही. गोचीड कोळी आणि विंचवाच्या गोतातली. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच. मादी रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगते, गुराच्या अंगावरून गळून पडते आणि गोठ्याच्या भिंतीतल्या भेगांत, शेणमातीच्या सांदीत हजारांनी अंडी घालते. म्हणून नुसतं गुराच्या अंगावर औषध मारून उपयोग होत नाही, भेगाही फवाराव्या लागतात. पोटभर जेवलेल्या माणसाला इंग्रजीत 'गोचिडीसारखा भरलेला' म्हणतात, आणि गोठ्यात वावरलेल्या माणसाला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही.

इथे गोंधळ महागात पडू शकतो. 'टिक फीव्हर' म्हणजे गोचीड ताप. गोचीड चावल्यावर जनावराच्या रक्तात शिरणाऱ्या परजीवींमुळे तो येतो. फोनने भाषांतर करताना त्याचं नुसतं 'टिक ताप' केलं तर पशुपालकाच्या हाती काय लागलं?

## गादी आणि उधारी

तिसरी टिक झोपायच्या कामाची. गादीच्या कापडी खोळीला इंग्रजीत टिक आणि तिच्या कापडाला टिकिंग म्हणतात. आपल्याकडे कापडाच्या दुकानात ज्याला गादीपाट म्हणतात तेच हे: जाडसर, घट्ट विणीचं, बहुतेकदा पट्ट्यापट्ट्यांचं. वीण घट्ट का, तर युरोपात गादीत पिसं भरायचे आणि पिसाचा दांडा साध्या कापडातून टोचत बाहेर यायचा. आपण कापूस भरतो. त्याचा दांडा टोचत नसला तरी सैल विणीतून तंतू बाहेर येतात आणि वर्षभरात गादीला गोळे धरतात. पिंजारी गादी भरायला बसला की आधी गादीपाट दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरून बघतो, तो याचसाठी.

हा शब्द ग्रीक 'थेके'पासून, म्हणजे काहीतरी ठेवायची पेटी किंवा आवरण. लॅटिन आणि डच असा प्रवास करून तो इंग्रजीत पोहोचला. युरोपातल्या अनेक भाषांत ग्रंथालयाला जे 'बिब्लिओथेक' म्हणतात त्यात तोच थेके आहे, आणि त्याच धर्तीवर तबकड्यांच्या संग्रहाला 'डिस्कोथेक' म्हणाले. आपण वरातीत डिस्को म्हणतो तेव्हा त्यातला थेके कापलेला असतो. म्हणजे गादीची खोळ आणि डिस्को हे लांबचे भाऊबंद!

चौथी टिक उधारीची. 'ऑन टिक' घेणं म्हणजे खात्यावर मांडून घेणं. 17व्या शतकात 'टिकेट' या शब्दाचं शेपूट तोडून तो झाला, कारण देणं चिठ्ठीवर लिहायचे. ते टिकेट म्हणजे मूळ फ्रेंचमध्ये चिकटवलेली चिठ्ठी. त्यातूनच 'एटिकेट' आलं आणि आपलं तिकीटही. जास्त सांगण्यासारखं यात काही नाही. किराण्याच्या वहीत ज्यांचं पान आहे त्यांना ही टिक न सांगता समजते.

## आवाजच जर मूळ, तर जगभर एकच शब्द का नाही?

हा आक्षेप रास्त आहे. घड्याळ इथून तिथून सारखंच वाजतं. तरी जर्मन माणसाला ते 'टिक-टाक' ऐकू येतं, चिनी माणसाला 'दी-दा', जपानी माणसाला 'काची-काची' आणि आपल्याला 'टिकटिक'. कोंबड्याचंही तसंच: आपला कुकूचकू करतो, फ्रेंच कोंबडा कोकोरिको, आणि इंग्रज कोंबडा कॉक-अ-डूडल-डू.

कान आवाज ऐकतो, पण तोंडाला तो आपल्या भाषेच्या वर्णमालेतूनच काढावा लागतो. स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर याचं म्हणणं हेच होतं: असे शब्द मोजके असतात, आणि जे असतात तेही अर्धे आवाजाचे, अर्धे त्या भाषेच्या रिवाजाचे. त्याने उदाहरण म्हणून घड्याळाची टिक-टाकच घेतली होती. शिवाय एकदा भाषेत आले की हे शब्द इतर शब्दांसारखेच झिजतात. इंग्रजीतल्या 'पिजन'चं मूळ लॅटिन 'पिपिओ', म्हणजे पी-पी करणारं पिल्लू. आजच्या पिजनमध्ये ती पी-पी कोणाला ऐकू येते?

रिवाज म्हणजे काय ते मराठीतच बघा, आपली भाषा यात फार श्रीमंत आहे. मनगटातलं घड्याळ टिकटिक करतं, दारावर टकटक होते, सुताराची ठकठक आणि शाळेच्या घंटेची टणटण. एक स्वर बदलला की वस्तू लहानाची मोठी होते. 'ट'चा 'ठ' केला की घाव जड पडतो. शेवटी 'ण' आला की धातू घुमायला लागतो. पावसाचंही तेच: टिपटिप, टपटप, मग धो-धो. कोणी शिकवलेलं नसतं, पण घंटा टिकटिक वाजली म्हटलं तर पहिलीतलं पोरही हसेल. इंग्रजीचाही असाच एक रिवाज आहे: जोडशब्दात आधी 'इ', मग 'आ' किंवा 'ऑ'. पिंग-पाँग, डिंग-डाँग, झिग-झॅग. म्हणून टिक-टॉक, टॉक-टिक कधीच नाही. बंदी आलेल्या ॲपचं नाव याच घड्याळावरून, सेकंद मोजत संपणाऱ्या व्हिडिओंना शोभेल असं. जून 2020 च्या अखेरीस ते भारतात बंद झालं, तोवर अहिराणी गाण्यांवर नाचणारी अर्धी तरणी पोरं त्याच्यावर होती.

## मग आपली टिकटिक इंग्रजीतून आली का?

सारखेपणा हा उसनवारीचा पुरावा होत नाही, निदान या जातीच्या शब्दांत तरी. दोन भाषांनी एकच आवाज आपापल्या तोंडाने काढला की शब्द जुळू शकतात. संस्कृतातला कोकिळ आणि इंग्रजीतली कुकू यांनी एकमेकांकडून काही घेतलेलं नाही, दोघांनी पक्ष्याचं ऐकलं. याउलट फॉर्मवर 'टिक करा' असं जे आपण म्हणतो ते सरळ इंग्रजीतून आलेलं. आवाज आपला असू शकतो, खूण पाहुणी.

## वाचताना ओळखायची कशी?

शेजारचा शब्द बघायचा. चावा, ताप, कुत्रा, गवत असं काही आसपास असेल तर गोचीड. चौकट, यादी, नाव असेल तर खूण. गादी, पिसं, पट्टे असतील तर खोळ. भाव, बाजार असेल तर भावाची सगळ्यांत छोटी हालचाल.

दोन ठिकाणी मात्र शेजाऱ्यावरही भागत नाही. पहिलं 'टिक ऑफ'. यादीतलं काम झालं म्हणून खूण करणं हा त्याचा एक अर्थ. इंग्लंडमध्ये साहेबाने कोणाला 'टिक ऑफ' केलं म्हणजे झापलं. अमेरिकेत कोणी 'टिक्ड ऑफ' असेल तर तो चिडलेला आहे. पुण्या-मुंबईच्या कंपनीत लागलेल्या आपल्या पोरांनी साहेब कुठल्या देशातला ते बघून अर्थ लावावा. दुसरं ठिकाण 'ऑन टिक' आणि 'ऑन द टिक'. पहिलं उधारीवर, दुसरं अगदी ठरल्या वेळेला. मधला 'द' वाचताना डोळ्याखालून सहज निसटतो, आणि बिल पाठवणाऱ्याला तो निसटलेला परवडत नाही.